अंदाज चुकला म्हणजे नेमके काय चुकले?

गोंदिया जिल्ह्यातील आमगाव किंवा सालेकसा तालुक्यातले एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरचे शेवटचे दिवस आहेत. जड धानाची कापणी केव्हाच उरकली आहे. काहींचे पुंजणे अजून बांध्यांतच उभे आहेत; त्यांची मळणी व्हायची आहे. काहींची मळणी झाली, पण धान खरेदी केंद्राच्या आवारात मापाची वाट पाहत उघड्यावर पडले आहे. रिकाम्या झालेल्या बांध्यांत लाखोळी आणि जवस वर आले आहेत, हरभरा फुलावर आहे. सकाळी धुके, दुपारी कोवळे ऊन, रात्री शेकोटी. आणि अशात एके दुपारी आग्नेयेकडून दमट वारा सुटतो, पश्चिमेकडे आभाळ काळेनिळे होते आणि पाऊण तासात सारे अंगण पांढरे दिसू लागते. गारा!

संध्याकाळी पारावर दोन मते ऐकू येतात. एक जण म्हणतो, "वेधशाळेने काही सांगितलेच नव्हते." दुसरा म्हणतो, "सांगितले होते. पण मागच्या वेळीही सांगितले होते, तेव्हा एक थेंब तरी पडला का?" गंमत अशी, की दोघेही खरे बोलत असू शकतात. आणि त्यांच्या बोलण्यावर पुढच्या वेळी धान झाकायचे की नाही हे ठरणार असते. म्हणून हा वाद पारावरच न सोडता त्याचे थोडे गणित करून पाहू या.

हे चित्र आपण कल्पनेने उभे केले असले तरी त्यामागचे प्रसंग खरे आहेत. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत पुनःपुन्हा गारपीट झाली. २०१८ च्या फेब्रुवारीत मराठवाडा आणि विदर्भ या दोन्ही भागांना गारांनी झोडपले. २०२१ चा डिसेंबर संपता संपता विदर्भाच्या काही भागांत पुन्हा गारा पडल्या. हिम न पडणाऱ्या आपल्या प्रदेशातले हिवाळ्याचे अवचित वादळ ते हेच.

हिवाळ्यात गारा येतात कोठून?

पावसाळ्यात चार महिने ढग येतात, धो धो पाऊस पडतो, पण गारा क्वचितच दिसतात. मग ज्या ऋतूत ढगच विरळ, त्या ऋतूत गारा का?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करीत हवेच्या कमी दाबाचे पट्टे आपल्या उत्तर सीमेवर येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. काश्मीर आणि हिमाचलात बर्फ पडते ते त्यांच्यामुळेच. यांपैकी एखाद्याचा उंचावरील भाग कधीकधी दक्षिणेकडे, मध्य भारतापर्यंत लोंबतो. तो आपल्यासोबत वरच्या थरात थंड, कोरडी हवा आणतो. त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून दमट, उबदार वारा येत असेल, तर विदर्भावर दोघांची गाठ पडते. हलकी हवा खाली आणि जड हवा वर! भांड्यात तेल खाली आणि पाणी वर ठेवण्यासारखीच ही रचना. ती टिकणार कशी? खालची हवा जोराने वर उसळते आणि उंचच उंच ढग तयार होतो.

या ढगात पाण्याचे थेंब शून्य अंशाखाली गेले तरी लगेच गोठत नाहीत. उणे १०, उणे २० अंश सेल्सिअसलाही ते द्रवरूपच राहू शकतात. अशा पाण्याला अतिशीत जल म्हणतात. एखादा बर्फाचा कण त्यांच्यात शिरला, की हे थेंब त्याला आदळून गोठतात आणि कण फुगत जातो. खालून येणारा वारा जोवर त्याला पेलतो तोवर तो वाढतो. पेलेनासा झाला की पडतो. गार कापली तर आत कांद्यासारखी वर्तुळे दिसतात. गार जितक्या वेळा वरखाली झाली तितकी वर्तुळे, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते तितकेसे खरे नाही. पाणी झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे आत अडकून थर दुधी होतो आणि सावकाश गोठले तर बुडबुडे निसटून पारदर्शक होतो. एकाच फेरीतही गारेला असे दोन्ही थर मिळू शकतात.

आता पावसाळ्याचा प्रश्न. जुलैत आपल्याकडे हवेचे तापमान शून्यावर येते ते सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर. फेब्रुवारीत सुमारे चार किलोमीटरवरच. म्हणजे पावसाळ्यात गारेला उबदार हवेतून दीड किलोमीटर जास्त उतरावे लागते. सेकंदाला दहा मीटर वेगाने पडणारी लहान गार धरली तर हे दीडशे सेकंद झाले. अडीच मिनिटे जास्त वितळायला मिळाली, की बोराएवढ्या गारेचे जमिनीवर येईपर्यंत पाणी होते. शिवाय पावसाळी ढगांतले वर जाणारे प्रवाह सहसा इतके जोरदार नसतात. लिंबाएवढी गार पेलायला मात्र ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाचा उभा वारा लागतो. तीच गार जवळजवळ त्याच वेगाने हरभऱ्यावर येऊन आदळते, तेव्हा झाडाचे काय होत असेल ते सांगायला नको.

एवढे सगळे ठाऊक असताना अंदाज चुकतो का? कारण वरचा थंड पट्टा कोठे आहे आणि खालचा दमट वारा कोणीकडून येत आहे, हे दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. पण उसळणारा ढग नेमका तिरोड्यावर फुटेल की देवरीवर, हे सांगता येत नाही. गारांचा पट्टा पुष्कळदा काही किलोमीटरच रुंद असतो. एका गावची लाखोळी भुईसपाट आणि शेजारच्या गावी पान हललेले नाही, हे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल.

मोजमापही विरळ असते. हवेच्या उंच थरांचे तापमान आणि आर्द्रता मोजणारा फुगा नागपुरातून सकाळ-संध्याकाळ सोडतात. त्या दोन फुग्यांच्या मधल्या वेळात आणि नागपूर ते गोंदिया या अंतरात काय घडते, ते इतर साधनांवरून ताडावे लागते. रडार आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. नागपूरपासून गोंदिया सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. रडारचा किरण अर्धा अंश वर रोखलेला असतो असे धरा. पृथ्वीची वक्रता लक्षात घेतली तर गोंदियावर पोहोचेपर्यंत तो जमिनीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. (अर्धा अंश आणि १२० किलोमीटर यांवरून निव्वळ त्रिकोणमितीने किती उंची निघते, ते नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी काढून पाहावे. साधारण एक किलोमीटर येईल. उरलेली उंची पृथ्वीच्या गोलाईमुळे.)

१८८८ सालची तीन वादळे

गारांवरून थोडे हिमवादळांकडे वळू. गोंदियात हिम पडत नाही. पण हिवाळी अंदाज चुकल्याच्या उत्तम नोंदी जेथे हिम पडते अशा देशांतच सापडतात, आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१२ जानेवारी १८८८ ची सकाळ अमेरिकेच्या डाकोटा आणि नेब्रास्का भागात त्या मानाने उबदार उजाडली. बरेच दिवस कडाका सोसलेली मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली. दुपारी, शाळा सुटण्याच्या सुमारास, उत्तरेकडून हिमवादळ येऊन थडकले. हाताएवढ्या अंतरावरचे दिसेना. सुमारे २३५ माणसे मरण पावली. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले बरीच होती. म्हणून हे वादळ शाळकरी मुलांचे वादळ या नावानेच ओळखले जाते. थंडीची लाट येत असल्याचा इशारा निघाला होता. पण तो दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत वेळेत पोहोचलाच नाही. येथे चूक गणिताची कमी आणि टपालाची जास्त होती.

त्याच वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कवर वादळ आले. आधीचे दिवस वसंतासारखे होते आणि अशा वादळाची कोणी अपेक्षा केली नव्हती. शहरात सुमारे २१ इंच हिम साचले, वाऱ्याने त्याचे डोंगर झाले, तारांचे खांब कोसळले. त्या भागात मिळून सुमारे ४०० लोक दगावले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या तारा जमिनीखालून नेण्याच्या कामाने जोर धरला.

आणि तिसरे वादळ आपल्या देशातले. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर भारतात मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसे मरण पावली. गारपिटीने एकाच वेळी इतके बळी घेतल्याची दुसरी नोंद जगात नाही. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते, म्हणजे तेव्हा ते अवघे तेरा वर्षांचे होते. गारपिटीचा आगाऊ इशारा देण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

तुम्ही म्हणाल, ती झाली तारायंत्राच्या काळातली गोष्ट. आता संगणक आहेत. खरे आहे. पण २४ जानेवारी २००० रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संगणकाने काय दाखवले होते? वादळ समुद्रात दूर निघून जाईल! ते किनाऱ्यालगत राहिले. रॅले शहराच्या विमानतळावर २० इंचांहून अधिक हिम पडले आणि दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमधील सरकारी कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या.

पंधरा वर्षांनी उलटे घडले. २०१५ च्या जानेवारीत, २६ तारखेच्या रात्री, न्यूयॉर्कला सुमारे दोन फूट किंवा त्याहूनही अधिक हिम पडणार, असा इशारा होता. शहराची भुयारी रेल्वेसुद्धा बंद केली गेली. सकाळी पाहतात तो मोजमापाच्या मुख्य ठिकाणी दहा इंचसुद्धा भरले नव्हते. शेजारच्या फिलाडेल्फिया-न्यू जर्सी विभागाच्या हवामान कचेरीच्या प्रमुखांनी तर लोकांची जाहीर क्षमा मागितली. पण त्याच रात्री न्यूयॉर्कपासून सुमारे ८० किलोमीटर पूर्वेला लाँग आयलंडवर दोन फूट हिम पडले होते! वादळ आले, जोरही होता तेवढाच. फक्त त्याची कड थोडी पूर्वेला सरकली. एवढ्या मोठ्या वादळात ८० किलोमीटरची चूक म्हणजे काय? नागपूर आणि गोंदिया यांच्यामधल्या अंतराहून ती लहानच आहे.

हिमाच्या अंदाजात आणखी एक खोच आहे. एक सेंटीमीटर पाण्याचे साधारण दहा सेंटीमीटर भुसभुशीत हिम होते. पाण्याच्या अंदाजात एका सेंटीमीटरची चूक झाली, की हिमात ती दसपट दिसते. आणि तापमान शून्याच्या जरा वर गेले तर हिम नाहीच, नुसता पाऊस.

आपल्याकडच्या थंडीचेही असेच. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले. विदर्भात त्या दिवसांत आकाश निरभ्र होते. अशा रात्री ढगांचा एक पातळ थर जरी आला, तरी तो गोधडीसारखे काम करतो आणि पारा चार-पाच अंश वर राहतो. ढग येणार की नाही एवढी एकच गोष्ट चुकली, की थंडीचा सारा अंदाज कोसळतो.

लहान चूक मोठी कशी होते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ च्या हिवाळ्यात अवचित कळले. संगणकावर हवामानाचे एक गणित दुसऱ्यांदा करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. सुरुवातीला दोन्ही उत्तरे सारखीच होती. थोड्या वेळाने ती अशी फाकली, की त्यांचा एकमेकांशी संबंधच उरला नाही. म्हणून आता मोठ्या केंद्रांत एकच गणित न करता, सुरुवातीचे आकडे किंचित बदलून पन्नास-पन्नास वेळा करतात. पन्नासांपैकी चाळीस उत्तरांत वादळ आले तर शक्यता मोठी, पाचांत आले तर लहान. अंदाज सांगताना "शक्यता" हा शब्द येतो तो अंग काढून घेण्यासाठी नव्हे. तोच खरा अंदाज असतो.

सार्जंट फिनले यांचा हिशेब

आता पारावरच्या वादाकडे परत येऊ. अंदाज किती वेळा बरोबर आला, हे कसे मोजायचे?

१८८४ साली अमेरिकेच्या लष्करी सिग्नल खात्यातील सार्जंट जॉन फिनले यांनी चक्री वादळांचे, म्हणजे तिकडच्या टोर्नेडोंचे, एकूण २८०३ अंदाज दिले. त्यांपैकी २७०८ बरोबर आले. टक्केवारी काढा: ९६.६. उत्तम! परीक्षेत एवढे गुण कोणाला मिळतात?

पण आकडे जरा फोडून पाहा. फिनले यांनी "वादळ होईल" असे १०० वेळा सांगितले. त्यांतली २८ वादळे झाली, ७२ वेळा काहीच झाले नाही. प्रत्यक्षात झालेली वादळे ५१. म्हणजे २३ वादळे न सांगता आली. राहिलेल्या २६८० वेळा त्यांनी "होणार नाही" म्हटले आणि खरेच झाले नाही. आता समजा, एखाद्या आळशी माणसाने काहीही न पाहता रोज "वादळ होणार नाही" असेच म्हटले असते, तर? तो २८०३ पैकी २७५२ वेळा बरोबर ठरला असता. म्हणजे ९८.२ टक्के! आळशी माणूस फिनले यांच्या पुढे गेला. पण त्याने एकही वादळ ओळखले नसते.

ही गोम त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञांनी दाखवून दिली. त्यांनी सुचवले, की "होणार नाही आणि झाले नाही" हे दिवस हिशेबातून काढून टाका. मग उरतात १२३ प्रसंग: २८ बरोबर, ७२ खोटे इशारे आणि २३ हुकलेली वादळे. २८ भागिले १२३, म्हणजे सुमारे २३ टक्के. फिनले यांचा खरा दर्जा हा. कमी वाटतो, पण आळशी माणसाचा याच मापाने शून्य येतो.

पारावरचे दोघे याच दोन रकान्यांविषयी बोलत होते. पहिला हुकलेल्या वादळाविषयी आणि दुसरा खोट्या इशाऱ्याविषयी. ज्या तिसऱ्या वेळी इशारा खरा ठरला आणि कोणी ताडपत्री टाकून धान वाचवले, तो प्रसंग कोणाच्याच आठवणीत नव्हता. फसगत झालेली आपण जन्मभर सांगतो. नुकसान झाले नाही याची गोष्ट काय सांगणार?

आणखी एक गोष्ट. आपले हवामान खाते शब्द मोजून वापरते. "तुरळक ठिकाणी" याचा अर्थ त्या भागातील फार तर २५ टक्के ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५. "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याहून अधिक. "तुरळक ठिकाणी गारपीट" हा अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला, तरी दर चार गावांपैकी निदान तीन गावे म्हणणारच, की खोटा ठरला! माझ्या मते अंदाजावरचा अर्धा राग या एका शब्दामुळे असतो, आणि तो शब्द समजावून सांगायचे कष्ट आपण शिक्षकांनीही फारसे घेतलेले नाहीत.

ताडपत्रीचे गणित

मग एवढ्या चुका करणारा इशारा ऐकायचा कशाला? पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, धान झाकायला ताडपत्रीचे भाडे आणि मजुरी मिळून ५०० रुपये लागतात. न झाकता गारा-पाऊस आला तर १०,००० रुपयांचे नुकसान होते. ५०० म्हणजे १०,००० चा विसावा भाग. याचा अर्थ, वीस इशाऱ्यांपैकी एकोणीस खोटे ठरले आणि एकच खरा ठरला, तरी झाकणाऱ्याचे पैसे फिटले. शक्यता ५ टक्क्यांहून जास्त असेल तर या शेतकऱ्याने झाकावे.

आता दुसरे उदाहरण. तुमच्या वर्गाची नवेगाव बांधला सहल ठरली आहे. सहल रद्द केली तर गाडीचे आगाऊ दिलेले २००० रुपये बुडतात. गेलात आणि पाऊस आला तर समजा ४००० रुपयांचा फटका बसतो. येथे शक्यता ५० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय सहल रद्द करण्यात अर्थ नाही. तोच इशारा, तोच दिवस, तीच ३० टक्के शक्यता. आणि शेतकऱ्याने झाकावे, तुम्ही मात्र जावे. दोघांचेही बरोबर. (हा निव्वळ पैशांचा हिशेब झाला. विजा चमकू लागल्या तर जीवाची किंमत त्यात धरावी लागते आणि मग उत्तर बदलते.)

शेतकऱ्याच्या उदाहरणात एक अडचण आहे, ती लपवून ठेवू नये. ओलसर धान फार वेळ झाकून ठेवले तर आतून गरम होते. म्हणजे झाकण्याची खरी किंमत नुसते ५०० रुपये नाही. ती किती धरायची, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आमच्यापेक्षा त्यांना ते चांगले कळते.

तुमची वही

हा प्रयोग एका हिवाळ्यात होण्यासारखा आहे. १ नोव्हेंबरला एक वही घाला आणि १५ मार्चपर्यंत चालवा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्ह्याचा अंदाज रोज त्याच ठरावीक वेळी लिहून घ्या, शब्दही जसेच्या तसे. त्यासमोर प्रत्यक्ष काय झाले ते लिहा. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. तुम्हीही तसाच मोजा, नाहीतर रात्रीचा पाऊस चुकीच्या तारखेला पडेल. शक्य असेल तर तालुक्यातील तीन-चार शाळांनी मिळून करा. "तुरळक ठिकाणी" याची परीक्षा एका गावात बसून होत नाही. मार्चमध्ये फिनले यांच्यासारखे चार रकाने पाडा आणि गिल्बर्ट यांच्या रीतीने भागाकार करा. त्याआधी, वही न उघडता, वर्गातील प्रत्येकाने अंदाज किती वेळा चुकला असे वाटते तो आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवावा. चिठ्ठ्या आणि वही शेजारी शेजारी ठेवून पाहा.

गारा पडल्याच, तर मारा पूर्ण थांबल्यावरच बाहेर जा. सर्वांत मोठी गार शोधून पट्टीने मापा, वेळ लिहा, शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्या. एक-दोन गारा पिशवीत बांधून शीतपेटीत ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मधोमध कापून दुधी आणि पारदर्शक थर मोजता येतील.